न्यान आजीचा डावा गाल

ख्वातकाकाच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये धडांचा एक फोल्डर होता. बायकांची धडं, पुरुषांची धडं, सगळी बिनमुंडक्याची. गिऱ्हाइकाचं तोंड तेवढं घ्यायचं, खरवडून गुळगुळीत करायचं आणि एका धडावर बसवायचं. बायकांना आओ याय, म्हणजे गळाबंद निळा रेशमी पायघोळ झगा, आणि मोत्यांची माळ, पुरुषांना काळा कोट. आमच्या गो काँग गावात कुणाच्याही घरी जा, पितरांच्या चौरंगावरच्या फोटोत तोच निळा रंग आणि तेच मोती. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या जशा एकाच आईच्या पोटच्या!

थामला त्या फोल्डरचा भयंकर संताप यायचा. तिची आई बाजारात मासे विकायची, तिने जन्मात मोती घातले नव्हते. ती गेली तेव्हा थाम शाळेत होती. याच स्टुडिओतून आईचा फोटो आला. गळ्यात मोती, हनुवटीवरचा तीळ गायब, गाल पीठ फासल्यासारखे. धाकटा भाऊ उदबत्ती लावताना विचारायचा, "ताई, ही कोण?" त्याला काय उत्तर देणार, कपाळ! तेव्हाच थामने ठरवलं, हे काम आपण शिकायचं आणि धड करायचं. म्हणून ती शिकाऊ म्हणून ख्वातकाकाकडेच चिकटली. तिने फरशी पुसली, लाइटच्या वायरी गुंडाळल्या, त्याची बर्फाची कॉफी आणली आणि दातओठ खात शिकली.

शिकवायला मात्र तो वाईट नव्हता, हे कबूल करावंच लागेल.

"दिवा डोळ्यांच्या जरासा वर," तो ओरडायचा. "अगं, एवढा वर नको! डोळ्यांत खड्डे पडले बघ. आता दुसऱ्या बाजूला पांढरा बोर्ड धर, उजेड परत तोंडावर फेकायला. आणि एक डोक्यात कोरून ठेव पोरी. पितरांच्या फोटोत अर्धं तोंड काळं चालत नाही. अर्धं उजेडात नि अर्धं अंधारात म्हणजे माणूस अर्धा इकडे, अर्धा तिकडे. घराला अपशकुन. लोक फोटो आणून आपल्या थोबाडावर मारतील."

तर एक दिवस न्यान आजी आली. धडधाकट असतानाच चौरंगासाठीचा हा फोटो काढून ठेवायचा, ही आमची रीतच. म्हातारी माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून येतात. आजीनेही घरून स्वतःचा तपकिरी रेशमी आओ याय आणला होता, केसांना तेल लावलं होतं. सोबत सून लुअम. आजीच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत भाजल्याचा डाग होता, चकचकीत आणि आक्रसलेला.

थामने दिवा लावला, बोर्ड धरला. पण आजी काही सरळ बसेना. दर वेळी डावा गाल भिंतीकडे.

"आजी, समोर बघा ना."

"बघतेच आहे की! डोळे काय पाठीला आहेत माझ्या?"

कसाबसा फोटो झाला. जाताना लुअम काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "तो डाग तेवढा काढून टाका हं. अगदी साफ." आजी दारात उभी राहून आपल्या चपलांकडे बघत होती. थामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला लाज वाटते काय सासूच्या तोंडाची? आणि त्या म्हातारीला विचारायची तसदी घेतली कुणी?

"हा फोटो तू कर," ख्वातकाका म्हणाला. "हात बसलाय आता तुझा. धड लावू नको, कपडे तिचेच राहू देत. डाग काढ."

थामने डाग काढला नाही. रंग नीट केला, खांद्यावरचा एक सुटा केस उडवला, आणि डाग होता तसा ठेवला, सुरकुतीन् सुरकुती. काका बँकेत गेलेला बघून तिने फोटो छापला, फ्रेममध्ये बसवला, कागदात गुंडाळला. संध्याकाळी लुअम तो न उघडताच घेऊन गेली. बरी जिरवली, थामच्या मनात आलं. घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं शटर अर्धं वर गेलं नाही तोच न्यान आजी आत शिरली, एकटी. काखेतली फ्रेम तिने काउंटरवर अशी आपटली की काच तडकली.

"कुणाचा हा उद्योग?"

"माझा, आजी." थामने मान ताठ केली. "हा तुमचा खरा चेहरा आहे. तो का लपवायचा? सुनेला लाज वाटते म्हणून?"

"सुनेला? अगं भवाने, मीच तिला सांगितलं होतं! माझ्या तोंडून शब्द फुटेना म्हणून तिला बोलायला लावलं. ती बिचारी काल रात्री जेवली नाही, आपलंच काही चुकलं म्हणून." आजीचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. "खरा चेहरा म्हणे! तुला ठाऊक आहे का हा कुणी दिला?"

थामने तडकलेल्या काचेखालच्या गालाकडे पाहिलं.

"माझ्या नवऱ्याने. झुंजीत त्याचा कोंबडा हरला. कोंबडा हरला आणि उकळत्या पेजेचं भांडं माझ्या तोंडावर आलं. बावीस वर्षांची होते मी. आता तो चौरंगावर बसलाय, काळा कोट घालून. तोंडावर साधा ओरखडा नाही मेल्याच्या! दर वर्षी त्याच्या श्राद्धाला मी मातीच्या हंडीत मासा शिजवते, नातवंडं त्याच्यापुढे डोकं टेकतात. उद्या मी त्याच्या शेजारी बसणार, कायमची. तिथेही त्याने केलेलं तोंडावर मिरवत बसू? तू कोण गं टिकोजीराव ठरवणारी?"

 इतके दिवस जपलेला सगळा राग तिने भलत्याच माणसांवर खर्च केला होता.

"आजी, पुन्हा बसता का?" ती शेवटी म्हणाली. "दिवा उजवीकडून लावते, बोर्ड काढून टाकते. डावा गाल सावलीत जाईल. डाग पुसायलाच नको."

"म्हणजे अर्धं तोंड काळं? जिवंतपणी झालं ते थोडं झालं का?"

"काय शिकवलं होतं मी?" मागून ख्वातकाका खेकसला.

राहता राहिलं पुसणं. थाम कॉम्प्युटरपुढे बसली. आजीने स्टूल ओढलं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"सुरकुत्यांना हात लावशील तर याद राख. त्या माझ्या आहेत. उन्हात भात लावून कमावल्यात मी."

उजव्या गालाची कातडी उचलायची, उलटी करायची आणि डावीकडे बसवायची. मग कडा मिसळायच्या, उजेड जुळवायचा, डोळ्याखालच्या रेघा एकेक करून परत आणायच्या. थाम चित्र मोठं करून अगदी थोडं थोडं पुसत गेली. काळ्या कोटातला तो माणूस समोर असता तर तिने लाइटचा स्टँडच त्याच्या टाळक्यात घातला असता.

"त्याच्या नाकावर एक मोठा फोड होता," ख्वातकाका खालच्या आवाजात म्हणाला. "तो फोटोतून मीच काढला होता."

"माहीत आहे," आजी म्हणाली. "तुमचे पैसे मीच दिले होते."

काकाने काउंटरवरची बर्फाची कॉफी उचलली.

"झालं, आजी," थामने हात मागे घेतला.

आजीने चष्मा लावला. पडद्यावर एक म्हातारी सरळ समोर बघत होती, सुरकुत्यांनी भरलेली, दोन्ही गाल एकसारखे. आजीचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गालावर गेला आणि तिथेच राहिला.  थामला वाटलं, आता रडेल. पण ती रडणाऱ्यातली नव्हती.

"एवढ्यात?" ती म्हणाली.

"हो, आजी."

"काकाच्या कॉफीतला बर्फसुद्धा विरघळला नाही अजून!" ती उठून उभी राहिली.  "उभा जन्म चौकड्याचा पंचा तोंडाला गुंडाळून बाजार केला मी. पोरांच्या लग्नात खांबाआड उभी राहिले. आणि हे एवढ्यात गेलं? एवढंच होतं हे?"

 थाम मान खाली घालून म्हणाली, "छापू का?"

"छाप. मोठा छाप. त्याच्यापेक्षा मोठा."

"आजी, जोडीचे फोटो एकाच मापाचे ठेवतात," ख्वातकाका चाचरत म्हणाला. "चौरंगावर बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक तेव्हा कुठे मेले होते?" आजी कडाडली. "छाप गं तू!"

थामने काकाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने छापायला दिला, दुप्पट.