कृपानं गाळलेला प्रश्न

"मागल्या खेपेला लोनच्यावर भाषन हुतं, ते बरं हुतं," पुढच्या बाकावरच्या बायडाबाई शेजारणीच्या कानाला लागल्या. "ह्या आभाळातल्या काळोखाचं काय घालायचं बरनीत?"

कृपाला ते नीट ऐकू गेलं आणि हसूही आलं. श्रीरामपूरच्या चर्चमधल्या महिला मंडळात ती आज विज्ञानाला अजून न सुटलेल्या कोड्यांवर बोलत होती.

"बायडाबाई, विश्वाचे शंभरातले पाचच भाग आपल्याला कळलेत. उरलेलं जगात कुणालाच ठाऊक नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ नि तुम्ही, एकाच बाकावर!"

"मंग त्यांना म्हनावं, जरा सरकून बसा."

सगळ्या खळखळून हसल्या. कृपाला आणखीच चेव आला. नव्या दुर्बिणीतून दिसलेल्या, वयाच्या मानानं फारच थोराड आकाशगंगा तिनं सांगितल्या; पाळण्यातल्या पोराला मिशा फुटाव्यात तशा. जांभई का येते, भूल दिल्यावर शुद्ध जाते म्हणजे नेमकं काय होतं, तेही झालं. म्हातारपणी स्मृती का जाते, हा प्रश्न मात्र तिनं सकाळीच गाळला होता. कारण समोर सासूबाई, पुष्पावतीबाई, बसणार होत्या.

पुष्पावतीबाईंनी संडे स्कूलमध्ये निम्म्या गावाला बायबलमधली वचनं पाठ करायला लावलेली. घरीही संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकानं एकेक वचन तोंडपाठ म्हणायचं, हा त्यांचाच शिरस्ता. नाताळानंतर त्या स्वतःच मध्ये अडखळायला लागल्या. तेव्हा त्यांचा मुलगा जस्टिन म्हणाला, "आजपासून सगळे मिळून म्हणू. छान वाटतं." मग सगळे मिळून म्हणू लागले, तेही चढ्या आवाजात, आईंचा आवाज कुठं थांबतो ते कुणाला कळायला नको. डॉक्टरांचं नाव निघालं की जस्टिनला गाडीची सर्व्हिसिंग आठवे, आणि कृपा कुकर लावायला उठे.

"कुणाला काही विचारायचंय?" कृपा म्हणाली.

पुष्पावतीबाईंनी हात वर केला. "इतकं सगळं सांगितलंस. विसरण्याचं का नाही सांगितलंस?"

"वेळ संपत आली, आई."

"चहा अजून उकळतोय. सांग."

मग कृपानं सांगितलं. मेंदूत नको ती प्रथिनं साचतात. हल्ली रक्तावरूनही थोडा अंदाज येतो. लवकर कळलं तर काहींना औषधानं आजाराचा वेग जरा कमी होतो. पण सुरुवात मुळात कशानं होते, ते अजून कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"लवकर म्हणजे किती लवकर?"

दोघींना न्यायला आलेला जस्टिन दारातून घाईनं पुढं आला. "आई, चल आता. वयानं होतंच गं थोडंफार…"

"गप, जस्टिन."

पुष्पावतीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि मंडळाकडे वळून, वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला विसरण्याचा आजार झालाय. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला डॉक्टरकडे न्या."