नकाशावरचा हिरवा बाण

आकांक्षाने कोपऱ्यातली सातवी जाहिरात बंद केली, तर तिच्या जागी आठवी आली. तुमच्या संगणकात विषाणू आहेत. तुम्ही मोबाइल जिंकलात. दहा दिवसांत वजन उतरवा.

"काकी, ह्यां सगळा कोणी चालू केल्यान?"

विमलाकाकी उंबऱ्याशी बसून सुपातली सोलां उलटत होती. कोकमाच्या रसाने तिची बोटं लालभडक झाली होती.

"माका काय म्हायत? तो विचारता, परवानगी देतास काय. मी व्हय म्हणतंय."

"सगळ्यांका?"

"दारात येवन विचारतल्याक नाय म्हणूक बरा दिसता?"

आकांक्षाला हसू आलं. देवळात गाऱ्हाणं घालताना गावकर एकेक मागणं म्हणतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात काकीचा आवाज सगळ्यांच्या आधी असतो. सेटिंगमध्ये यादी निघाली. चौतीस जणांना परवानगी. चौतीस वेळा व्हय म्हाराजा.

तिने भराभर सगळ्यांना हाकललं. दहावीची परीक्षा संपल्यापासून तोंडवलीतल्या अर्ध्या वाडीचे मोबाइल तिच्या हाताखालून गेले होते. शेजारच्या काकीचा लॅपटॉप म्हणजे काय मोठं काम! जाहिरातींच्या खालून निळा समुद्र वर आला. लंकेच्या पायथ्याशी एक हिरवा बाण. केतकी नावाचं मालवाहू जहाज, आणि त्यावर काकीचा मुलगा सुदेश. नऊ महिन्यांपूर्वी जाताना त्यानेच हे पान उघडून दिलं होतं. "आये, हो बाण म्हणजे मी." तेव्हापासून तुळशीला पाणी घातलं की काकी लॅपटॉपचं झाकण उघडायची.

"पान रिफ्रेश करतस मां मधी मधी?"

"नाय गो. गेला तर?"

परवानग्या काढल्या तरी ब्राउझर सुधारेना. नवी खिडकी उघडली की आधी जुगाराचं पान, वरती कसलीशी अनोळखी पट्टी. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर आकांक्षाने बाह्या सरसावल्या.

"अख्खो काढून परत घालूचो लागतलो."

"बाणाक काय होवचा नाय मां?"

"बाण हयसर नाय काकी, इंटरनेटवर आसा. मी पत्तो लिवन घेतंय."

कॅलेंडरच्या पाठीवर तिने पानाचा पत्ता उतरवला. जुनी माहितीही पुसायची का, असं लॅपटॉपने विचारलं. तिने पुसली. काकी उठून चुलीकडे गेली. तेवढं तिला बघवलं नसावं.

नवा ब्राउझर उतरवायला फोन खिडकीत, गजाला टेकवून ठेवावा लागला. रेंज तिथेच मिळायची. बारा टक्के. तेरा. मग बराच वेळ तेराच. काकीने चहाचे दोन कप आणले, एक तिच्यापुढे सरकवला आणि भिंतीला पाठ टेकली. तिचे डोळे उन्हाने नाही, दुसऱ्याच कशाने तरी दमलेले दिसत होते.

"रविवारी फोन इल्लो त्याचो," ती म्हणाली. "म्हणता, अजून लंकेकडेच आसंय. पावसाआधी येवक जमाचा नाय."

"बाण पण थयसरच आसा."

"आसा तर."

चहा संपला, कप वाळले, तेव्हा कुठे शंभर टक्के झाले. नवा ब्राउझर उघडला, स्वच्छ, पांढरा. आकांक्षाने टिचकी वाजवली आणि कॅलेंडरवर बघून पत्ता टाइप केला.

लंकेखाली काहीच नव्हतं. नकाशा आपोआप वर सरकला. केरळ, कारवार, गोवा. मालवणचा किनाराही खाली गेला. मग थांबला. हिरवा बाण मुंबईला लागून होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बंदरात दाखल, एकोणीस दिवसांपूर्वी.

आकांक्षाने घाईने नकाशा पुन्हा खाली, लंकेपर्यंत ओढला.

"थांब हां. अजून लोड होता."

काकी कधीच मागे येऊन उभी राहिली होती.

"मुंबय ती," ती म्हणाली.

"नवीन आसा ना काकी. चुकीचा दाखवत आसात."

काकी तिच्याशेजारी खाली बसली, एका हाताचा आधार घेत, सावकाश.

"रविवारी फोनात कावळो ओरडत होतो," ती म्हणाली. "मी विचारलंय, भर समुद्रात कावळो खंयचो रे? तर तो म्हणालो, टीव्ही लावलेलो आसा."

"मगे?"

"मगे काय. मी व्हय म्हटलंय."

आकांक्षाने फोन खिडकीतून काढला आणि उगाच वायर गुंडाळत राहिली.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उतरली. हे जहाज बंदरातून हललं की तुम्हाला सूचना पाठवू का? खाली दोन बटणं: परवानगी आहे, नको.

"ह्यां माझा मी करतंय," म्हणत काकीने माउस हातात घेतला. माउसचा बाण चौकटीभोवती भरकटला, 'परवानगी'वर क्षणभर थांबला, पुढे गेला. तिने 'नको' दाबलं.

चौकट नाहीशी झाली.

"परत विचारूचो नाय मां?"

"नाय काकी. एकदा नको म्हटला काय परत विचारणा नाय."

"इतक्यानच?"

आकांक्षाने मान हलवली. काकी गुडघ्यावर हात देऊन उठली, उंबऱ्याशी गेली आणि ऊन सरकलं होतं तिकडे सूप ओढून घेतलं. माउसवर तिच्या बोटाचा लाल ठसा राहिला होता. आकांक्षाने तो पुसला नाही.