तीन फोन, एक रजिस्टर पत्र

मंगळवारचं पत्रक सव्वाआठला आलं. राजधानी बिस्मार्कच्या आरोग्य कार्यालयातून राज्यभरातल्या दवाखान्यांना ते दर आठवड्याला येई. स्त्रियांच्या मोफत कर्करोग तपासणीत काय बदललं, कुठला फॉर्म रद्द झाला, कोणत्या वयाच्या बाईला किती वर्षांनी बोलवायचं, असं सगळं त्यात असे. दुसऱ्या दवाखान्यांत ते कोणी वाचत असेल असं अर्डिस टॉलेफसनला वाटत नव्हतं. ती मात्र एकोणीस वर्षं ते शब्दन् शब्द वाचत आली होती. ती ना डॉक्टर, ना नर्स. यादीतल्या बायकांना फोन करून बोलावणं, निकाल कळवणं, पुढची तारीख ठरवून देणं एवढंच तिच्याकडे होतं, आणि ते ती नेकीने करी.

या खेपेचं चौथं कलम तिने दोनदा वाचलं. जिच्या तपासणीत काही संशयास्पद दिसलं आहे त्या बाईला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन फोन करावेत आणि एक रजिस्टर पत्र पाठवावं, हा नियम जुनाच होता. आता एवढं करून उत्तर आलं नाही तर 'संपर्क तुटला' असा शेरा मारून प्रकरण बंद करावं. त्यापुढे प्रयत्न करू नयेत, कर्मचाऱ्यांचा वेळ इतर स्त्रियांच्या कामी यावा. रेंगाळलेली जुनी प्रकरणं येत्या शुक्रवारपर्यंत निकालात काढावीत. बिस्मार्कमध्ये बसून लिहिणाऱ्याला काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

अर्डिसकडे असं एकच प्रकरण होतं. रोझिना फाइस्ट, वय एकसष्ट, गावापासून अडतीस मैलांवर एकटीच राहणारी. सप्टेंबरात तपासणीची फिरती गाडी धान्याच्या कोठारापाशी उभी होती तेव्हा ती आली, फॉर्मवर सही केली, आत जाऊन छाती तपासून घेतली आणि कोणाशी फारसं न बोलता निघून गेली. नऊ दिवसांनी निकाल आला. डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका होता, तो नीट पाहायला हवा होता. तेव्हापासून रोझिनाचा पत्ता नव्हता. रजिस्टर पत्रही 'घेतलं नाही' असा शिक्का घेऊन परत आलं होतं.

दवाखान्याची मुख्य नर्स कोरली पत्रक वाचून तिच्या टेबलाशी आली. कोरली अर्डिसहून पंधरा वर्षांनी लहान, पण दवाखाना तिच्या शब्दावर चाले.

"तातडीचं आहे, असं सांगितलंस ना तिला?"

"सवडीने फोन करा म्हटलं."

"सवडीने?"

"तातडीचं म्हटलं की माणूस हादरतं गं. आणि निरोपाच्या यंत्रावर आजाराचं अक्षर काढायचं नाही, हे पत्रकातच होतं. मग काय सांगायचं?"

कोरलीने कपाळावर हात मारला नाही एवढंच. त्या मुलखातली माणसंच तशी. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी दार वाजवून आधी हवापाण्याचं विचारतील, आणि मग म्हणतील, सवड झाली की जरा वर बघा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण तिथे तिला घरातली थोरली लेक मानतात. कोरलीही त्याच मातीतली, म्हणून तिने अर्डिसला बोल लावला नाही. तुझ्याकडून झालं तेवढं तू केलंस, शुक्रवारी शेरा मार आणि मोकळी हो, असं सांगून ती रुग्ण पाहायला गेली.

झालं तेवढं केलं, हे अर्डिसच्या मनाला लागलं, कारण ते खरं नव्हतं. फाइलीत तीन फोन लिहिले होते. तिने केले होते अकरा.

पहिले तीन नियमाचे. नाव, नंबर, दवाखान्याला फोन करा, आभार. फोन कोणी उचलत नसे; रोझिनाच्या निरोप टेप करणाऱ्या यंत्रावर तिच्याच आवाजात दोन वाक्यं होती: "फाइस्टांकडे कोणी जवळ नाही. बोला." मग एक शीळ, आणि टेप फिरायला लागे. चौथ्या वेळी कोरली घरी गेल्यावर, पाच वाजता, अर्डिसने सहज पुन्हा नंबर फिरवला. ते 'बोला' ऐकलं आणि तिला निरोप आटोपता घेववेना. आजाराचं बोलायची बंदी, म्हणून ती वाऱ्याबद्दल बोलली. चर्चची पाटी वाऱ्याने उडून थेट ओल्सनांच्या यंत्रशाळेच्या कुंपणात जाऊन अडकली, ते सांगितलं. पुढच्या वेळी दवाखान्यातलं कॉफीचं यंत्र बिघडून नुसतं गरम पाणी देतं, ते सांगितलं. नंतर आणखी काही. स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवते, ऐकायला नाही, घरात कोणी बोलत असावं म्हणून, हेही एकदा बोलून गेली. आणि प्रत्येक वेळी शेवटी, घाई काही नाही, सवडीने फोन करा.

तिचा नवरा ऑर्लिन जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा फार्गोला होता. रविवारी आई फोनवर काही लिहून पाठवी आणि तो उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवी, की झालं त्यांचं बोलणं. यादीतल्या बायका फोनवर गोड बोलत, पण त्यांना कामं असत. बोला म्हणणारं आणि मधे न तोडणारं असं ते एक यंत्रच तिला भेटलं होतं. त्यात सात आठवडे गेले. ठिपका सात आठवड्यांनी मोठा झाला असला तर, हा विचार मनात आला की अर्डिस कागद आवरायला घेई.

मंगळवारी आणि बुधवारी तिने फोन केला नाही. नियमाचं तसंच होतं. गुरुवारी दुपारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी काढली. घरी जाऊन भेटणं हे जिल्ह्याच्या नर्सचं काम, आणि ती जागा दोन वर्षं रिकामी होती. अर्डिसने जाऊ नये असं मात्र कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. तिने खात्री करून घेतली होती.

सूर्यफुलांची कापणी उरकली होती. खडीच्या रस्त्यावर अर्धा तास एकही गाडी आली नाही. अर्डिस वाक्यं घोकत होती. एक ठिपका दिसला आहे. दहातल्या आठ-नऊ बायकांत वाईट काही निघत नाही. पण पाहायला हवं. हे तिने एकोणीस वर्षांत शेकडो बायकांना सांगितलं होतं, आणि आज तिला शाळेतल्या कवितेसारखं पुन्हापुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागत होतं.

दार उघडलं तेव्हा रोझिनाच्या हातात लाटणं होतं. उंच, हाडापेराने मजबूत बाई, पिठाने माखलेले हात. अर्डिसने नाव सांगायला तोंड उघडलं आणि "नमस्कार, मी" एवढंच म्हणाली.

"ओळखलं," रोझिना म्हणाली. "आवाजावरून. आत या, वारा आत येतोय. कॉफीचं यंत्र झालं का दुरुस्त?"

अर्डिस आत जाऊन खुर्चीवर बसली. चुलीवर बटाट्याचं सूप उकळत होतं आणि रोझिना कणकेचे बोटभर तुकडे तोडून त्यात टाकत होती. भिंतीशी टेलिफोन, त्याच्याशेजारी ते यंत्र, आणि दोहोंच्या समोर एक खुर्ची. रोझिना तुकडे टाकता टाकता विचारत होती. ती पाटी परत लावली का. मुलगा नाताळाला येणार का. रेडिओ अजून लावता का, आणि कुठलं स्टेशन. ज्या गोष्टी अर्डिसने आपल्या सख्ख्या बहिणीला सांगितल्या नव्हत्या त्या या बाईला तोंडपाठ होत्या.

"तुम्ही ऐकत होता?"

"ऐकत म्हणजे? पाचला मी इथं येऊन बसते. आठवड्यातून एकदा नाहीतर दोनदा, पण कधी ते ठाऊक नसतं, म्हणून रोज बसते. या मंगळवारी आला नाही, काल आला नाही. म्हटलं, आजारी पडल्या की काय."

"मग उचलत का नव्हता?"

रोझिनाने झाकण ठेवलं, हात पुसले. "उचललं तर मला बोलावं लागणार. माझ्याकडं काय आहे बोलायला? माझा नवरा अँटन गेला, गुरं विकली, वारा तुमच्याकडं आहे तोच माझ्याकडं. मला वाटलं, या बाईला कुणी नाही दिसत, बोलू दे हिला. तुम्हीच म्हणायचा ना, घाई नाही म्हणून."

"आणि रजिस्टर पत्र?"

"चिठ्ठी टाकून गेला होता टपालवाला. रजिस्टरनं आजवर कुणाला बरी बातमी आलीय? राहू दे म्हटलं टपालातच."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. अर्डिसने टेबलावरच्या पिठाकडे पाहत सांगितलं की सप्टेंबरच्या तपासणीत डाव्या छातीत एक ठिपका दिसला आहे, तो बहुधा काही नसेल, पण कदाचित असेल, आणि त्यासाठी बिस्मार्कला जाऊन पुन्हा तपासायला हवं, कदाचित सुई घालून पाहावं लागेल. पैसे सरकार भरणार आहे. आणि हे सात आठवड्यांपूर्वीच कळायला हवं होतं.

सूप उतू जायला लागलं तेव्हा रोझिनाने उठून आच कमी केली आणि परत येऊन बसली.

"म्हणजे फोन त्यासाठी होते," ती म्हणाली.

ठिपक्याचं तिने काहीच विचारलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता तो फोनपायी, हे अर्डिसला दिसलं. हो म्हणावं तर या बाईचे सात आठवडे पाण्यात. नाही म्हणावं तर खोटं.

"तीन त्यासाठी होते," ती म्हणाली. "तीनच करायचे असतात. बाकीचे आठ मी फाइलीत लिहिले नाहीत. ते माझे."

"तुम्हाला हे माहीत होतं, आणि तुम्ही मला कॉफीच्या यंत्राचं सांगत होता."

"हो."

"मला सांगितलं असतंत, बाई लवकर ये, तर मी त्याच दिवशी आले असते. मी काही मूर्ख नाही."

"तुम्ही नाही. मी आहे. मला बोलायला बरं वाटत होतं. तुम्ही उचललं असतंत तर तीन वाक्यांत काम संपलं असतं, आणि मग मला पुन्हा फोन करायला काही कारण उरलं नसतं. मी हे मनाशी कधी धरलं नव्हतं, पण तसंच असणार." सहानुभूती मिळावी म्हणून हे बोलतेय असं वाटू नये, म्हणून तिने पर्समधून कागद काढून त्यात डोकं घातलं.

रोझिनाने तिचं सांत्वन केलं नाही. राग आला होता, आणि तो तिने लपवलाही नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर रिकामा गोठा आणि त्यामागे दूरवर सपाट जमीन, तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ती पाहत राहिली. एकदा तिने डावा हात उचलून छातीवर ठेवला, चूक झाल्यासारखा खाली घेतला.

"बिस्मार्क केवढं लांब पडतं इथून?" शेवटी तिने विचारलं.

"शंभराच्या वर मैल. मी नेईन."

"हेही पत्रकात आहे?"

"नाही."

मग कामाचं बोलणं झालं. अर्डिसने तिथूनच, रोझिनाच्या टेलिफोनवरून, इस्पितळाला फोन लावला. या वेळी ती 'तातडीचं आहे' असं म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि समोरच्या मुलीने पुढच्या महिन्याची तारीख काढली तेव्हा भीड सोडून पुन्हा म्हणाली. सोमवार सकाळ मिळाली. शुक्रवारी शेरा मारायचं कारण उरलं नाही. अर्डिसने फाइलीत तारीख लिहिली, रोझिनाने सही केली. सही सप्टेंबरातल्यासारखी ठाशीव नव्हती.

सूप दोन वाडग्यांत वाढलं गेलं. दोघी जेवल्या, बोलल्या फारशा नाहीत. समोर माणूस असताना बोलायची दोघींचीही सवय मोडली होती. यंत्रावर सात आठवडे चाललेलं बोलणं टेबलावर काही येईना. अर्डिसला वाटलं, बिघडवलंच आपण सगळं.

"सुई घालतील," रोझिना वाडग्याकडे पाहत म्हणाली. "समजा निघालं काही. मग तुमचे फोन येणार?"

"मग तर येणारच. ते कामच आहे माझं. औषधोपचार सुरू होईपर्यंत."

"आणि नाही निघालं काही तर?"

नाही निघालं तर काय करायचं हे पत्रकात स्पष्ट होतं. निकाल पत्राने कळवावा, प्रकरण बंद करावं, पुढचा संपर्क दोन वर्षांनी. अर्डिसला ते कलमासकट पाठ होतं. पण रोझिनाने मान वर केली होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती ती याच उत्तराची. एक माणूस आपण धडधाकट निघू की काय म्हणून धास्तावलं होतं. अर्डिसला शरम वाटली, कारण अडतीस मैलांच्या रस्त्यात तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

"नाही निघालं तर मी जेवायला येईन," ती म्हणाली. "यंत्राशी बोलून मलाही कंटाळा आला आहे."

"येण्याआधी फोन करा."

"उचलणार का?"

"बघू," रोझिना म्हणाली, आणि न विचारता तिच्या वाडग्यात आणखी एक डाव सूप वाढलं.