बधिर पायांचा करार

आमच्या विद्यापीठात जपान अभ्यास केंद्र आहे, हे बाकीच्यांना फक्त आगीच्या सरावाच्या दिवशी कळतं. "अरे, इथे पण माणसं असतात?" असं विचारत आम्हाला बाहेर काढतात. माणसं म्हणजे मॅडम आणि मी. मॅडम संचालक, उरलेलं सगळं मी.

त्या दिवशी जपानहून एक वयस्कर प्राध्यापक येणार होते. केंद्र चालतं त्यांच्या संस्थेशी झालेल्या करारावर, आणि तो वाढवायचा की नाही हे त्यांच्या हातात. नाही वाढला तर केंद्राला कुलूप, मॅडम घरी आणि मी काकांच्या पडद्यांच्या दुकानात. काका आत्तापासूनच "या जपानी, मीटर धरा" म्हणतात.

"चटईच्या खोलीतल्या खुर्च्या काढ," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या पद्धतीनं बसायचं. गुडघे मुडपून, टाचांवर."

"मॅडम, तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते. तू मोजे बदल."

पाहुणे आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खुर्ची शोधत असावेत असं मला वाटलं, पण बोलणार कोण? ते टाचांवर बसले. आम्हीही बसलो. मग त्यांनी जपानीत, फार हळुवारपणे, फार वेळ घेऊन सांगितलं की विद्यार्थी कमी आहेत आणि जड मनानं करार थांबवावा लागेल.

संपलं. आता उठायचं, वाकायचं, निरोप द्यायचा. मॅडम हलेनात.

"अरे, माझे पाय गेले," त्या मराठीत पुटपुटल्या.

"कुठे?"

"मेल्या, बधिर झालेत! उठताच येत नाहीये."

"मग बसा."

यजमान उठेना, म्हणून पाहुणा उठेना, असं मी समजत होतो. तेवढ्यात पाहुण्यांनी हळूच चटईवर हात टेकून स्वतःला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कपाळावर घाम आला. आणि अगदी सहज सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमच्या ग्रंथालयाबद्दल थोडं सांगाल?"

मॅडमनी सांगितलं. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, पण मॅडमनी ती ताणली. मग पाहुण्यांनी विद्यार्थ्यांबद्दल विचारलं. मग खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल. मध्येमध्ये हात टेकून बघत होते. झाडाबद्दलचं सगळं संपलं तेव्हा ते दगडासारख्या स्थिर बसलेल्या मॅडमकडे बघत राहिले.

"आमच्याकडेही हल्ली असं कुणी बसत नाही," ते भरल्या आवाजात म्हणाले. "अशा केंद्राला मी नाही म्हणू शकत नाही."

नव्या कराराचा कागद मॅडमनी आशेनं आधीच चटईवर ठेवला होता, पाहुण्यांच्या हाताच्या अंतरावर. त्यांनी तो ओढला आणि पाच वर्षांसाठी सही केली. माझेही पाय गेले होते; मी रांगत जाऊन मॅडमची सही घेतली.

"दर वर्षी पाहणीला येईन," पाहुणे म्हणाले. "बैठक इथेच. अशीच."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते मी विचारलं नाही. "आनंदानं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही तिघं पायांत जीव यायची वाट बघत बसलो. पाच वर्षं मिळाली होती. घाई कुणालाच नव्हती.