मिस कॉल आणि तरंगनाथ

सोनाळ्याच्या शिवाराबाहेर, जिथे सातपुड्याची निळी रेषा आभाळात विरून जाते, तिथे त्या दिवशी शेकडो माणसे देवाकडे पाठ करून उभी होती. व्यासपीठावर साक्षात तरंगनाथ महाराज विराजमान होते. पण भाविकांची नजर आपापल्या मोबाइलवर खिळलेली होती. खरे दर्शन तिथेच घडते, असे महाराजांनीच सांगितले होते. कित्येकांनी पडद्याला हळदकुंकू वाहिले होते. कुंकवामुळे बोट चालेनासे झाले, की ते म्हणत, देव रुसला.

"श्रद्धा फुल, तर रेंज फुल!" महाराज गरजले. "देवाला पत्ता लागत नाही, पिनकोड लागत नाही! आपल्या दुःखाच्या झेंड्याखाली जा, तिथल्या नंबरावर मिस कॉल द्या आणि निश्चिंत घरी जा. उद्या मी स्वतः तुमच्या मोबाइलात येईन आणि न सांगता तुमचं दुखणं ओळखीन!"

मैदानात पाच रंगांचे झेंडे फडकत होते: गुडघे, साखर, संतती, लग्न आणि कोर्टकचेरी. प्रत्येकाखाली निराळा नंबर; पाचही नंबर छापलेली पत्रकेही वाटली जात होती. मिस कॉल फुकट असल्यामुळे भक्तीला तोटा नव्हता.

आणि महाराज खरोखरच येत. दुसऱ्या दिवशी, विनोदी चित्रफिती आणि नवरा-बायकोची भांडणे यांच्या मधोमध, त्यांचा चेहरा अचानक उजळे. माझ्या आईच्या मोबाइलात ते म्हणाले, "माय, तुझी साखर मला दिसते. ती सुई टाकून दे. जखमेला माझी विभूती लाव." शेजारणीच्या मोबाइलात त्याच क्षणी तेच महाराज तिच्या गुडघ्यांविषयी हळहळत होते.

आईने इन्सुलिन सोडले. तिच्या पायाच्या करंगळीची जखम काळी पडू लागली.

"आई, दवाखान्यात चल," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, उशीर झाला तर पाय कापावा लागेल."

"त्या डॉक्टरले काय कयते? त्याले माही फाईल पाहा लागते. महाराजाईनं न पाहता सांगतलं."

ओठांपर्यंत आलेले वाक्य परत फिरते आणि आतच कुठेतरी बसून राहते, असा माझा स्वभाव. म्हणूनच आमच्या समाजमाध्यम जबाबदारी मंचात पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. महिला बचत गट, विहारातले तरुण, डॉक्टरांची संघटना आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांनी मिळून तो मंच उभारला होता. खोटे उपचार सांगणाऱ्या चित्रफिती काढून टाका, असे आम्ही त्या दाखवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीला लिहीत असू. उत्तर पापणी लवण्याआधी येई: 'आपल्या तक्रारीची काळजीपूर्वक तपासणी केली. नियमांचे उल्लंघन आढळले नाही. आपला अनुभव कसा वाटला?' खाली पाच तारे. मी त्या ताऱ्यांकडे बराच वेळ पाहत बसे. एवढे चांदणे, आणि त्याखाली एकही माणूस नाही.

मंचाच्या निमंत्रक दीपमालाताई हायस्कुलात विज्ञान शिकवीत. आईची समजूत घालायला त्या आमच्याकडे आल्या असतानाच अंगणातून आरोळी आली.

"राजकुमार! बाहेर ये बे! ह्या तरंगनाथानं माही पार इज्जत घालवली!"

शेजारचे भगवानराव होते, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी मोबाइल पुढे धरला. महाराज वात्सल्याने सांगत होते, "चिंता सोड, मुली. लवकरच तुझी कूस उजवेल."

"मी गुडघ्यासाठी गेलतो!" भगवानराव ओरडले. "सुना हासून राह्यल्या. धाकटी पुसते, मामाजी, आंबट खावंसं वाटते का?"

दीपमालाताईंनी पदर तोंडाला लावला, मग सावरून विचारले, "काका, मिस कॉल कोणत्या झेंड्याखाली दिला?"

"गर्दीनं जिकडं ढकललं, तिकडून दिला. नंबर तं नंबर!"

"म्हंजे महाराजानं तुमाले नाही ओयखलं. झेंड्याले ओयखलं." त्या आईकडे वळल्या. "काकू, तुमची कोर्टात केस हाय?"

"नाही बाई. आमच्या घरात कोनी कोर्टाची पायरी नाही चढलं."

"मंग पत्रकावरल्या कोर्टाच्या नंबरावर मिस कॉल द्या. महाराज अंतर्ज्ञानी असतीन, तं तुमच्या साखरेचंच बोलतीन."

आईने आधी मोबाइलला हात जोडले, मग मिस कॉल दिला. भगवानरावांना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी धाकट्या सुनेच्या मोबाइलवरून लग्नाच्या नंबराला मिस कॉल दिला आणि तो मोबाइल बैलाच्या गळ्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी अंगणात अर्धी गल्ली जमली. बैलाच्या गळ्यातून महाराज उद्गारले, "बाळा, तुझ्यासाठी सुस्वरूप स्थळ चालून येत आहे!" बैल कडबा चघळत राहिला.

"हाव म्हन बे!" कोणीतरी ओरडले. "लाजते वाट्टे!"

मग आईच्या मोबाइलात चेहरा उजळला. "माय, भावकीच्या खटल्यात तूच जिंकशील. वकिलाचं ऐकू नको."

"कोनता खटला?" आईने विचारले. महाराज हसतच होते. "कोनता खटला, महाराज?" तिने पुन्हा विचारले, आणि तिचा आवाज इतका एकाकी झाला की अंगणातले हसू आपोआप थांबले.

दीपमालाताईंनी महाराजांच्या पायाशी पुसट राखाडी अक्षरांत लिहिलेला 'प्रायोजित' हा शब्द दाखवला.

"मले वाटलं, त्याईचं आडनाव हाय," आई म्हणाली.

"ही जाहिरात हाय, काकू. झेंड्याखाली जमलेले नंबर महाराजाची मानसं कंपनीले देतात, पैसे भरतात, अन् सांगतात, साखरेची जाहिरात साखरेच्याच नंबराईले दाखवा. कंपनी दाखवते."

"एवढ्या बिमार लोकाईचे नंबर घेतले, तं कंपनीनं पुसलं नाही, हा मानूस डॉक्टर हाय का?"

"नाही पुसलं."

आई भिंतीला धरून उठली. "राजकुमार, गाडी काढ. दवाखान्यात चाल."

पाय वाचला, करंगळी गेली. अंगणात कोणीतरी टिपलेली बैलाची चित्रफीत जोडून आम्ही पुन्हा तक्रार केली. 'उल्लंघन आढळले नाही.' मग अनेक जिल्ह्यांतल्या संघटनांनी एकाच मागणीवर सह्या केल्या, वर्तमानपत्रांनी ती छापली, आणि तेव्हा कुठे कंपनीने तरंगनाथांचे पान बंद केले. काही दिवसांतच नवतरंगनाथ महाराज प्रकटले. तोच चेहरा, तीच दाढी, झेंडे मात्र सात.

मंचाने सोनाळ्यातच सभा घेतली. मला भाषण करायचे होते. माझे वाक्य नेहमीप्रमाणे परत फिरले. तेव्हा पायाला पट्टी बांधलेली आई माझ्या हातातून माइक घेऊन उभी राहिली.

"ज्या देवाले माहा नंबर मांगा लागते, तो देव नाही बाप्पा, तो दुकानदार हाय. अन् ज्या कंपनीनं त्याले माह्या घरात आनून सोडलं, तिलेही सोडू नका. कोनी मोबाइलातून दवाई सांगतली, तं आधी पुसा, तू कोन? तुले कसं कयलं? तुले पैसे कोन देते? मी नाही पुसलं. तुमी पुसा."