आधी जागा, मग अवजार

त्याने तिच्या कपातला चहा सिंकमध्ये ओतला, कप नळाखाली विसळला, बोटाच्या पेराने कडेवर हलकेच टिचकी मारून आवाज ऐकला आणि मागच्या दाराकडे निघाला.

“अहो, मी पीत होते तो.”

“गार झाला होता.”

“अर्धा होता. दूध उतू जाईल म्हणून बाजूला ठेवला होता.”

“अगं, सरस कालवायला असा जाड बुडाचा कप शोधत होतो कधीचा. प्लास्टिकचे डबे लवंडतात.” त्याने कप उजेडात धरून फिरवला. लाकडाचा तुकडा निवडताना फिरवायचा तसाच. “ह्याचं इकडचं काम झालं.”

मागचं दार वाजलं, मग शेडचं. नंतर करवतीचा आवाज सुरू झाला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. पातेल्यात अजून चहा होता, तो तिने दुसऱ्या कपात गाळला आणि घोट घेतला. चव नव्हती. साखर घातली, पुन्हा घेतला. गरम पाणी प्यावं तसं. तिने तोही ओतून दिला.

बाहेर सुताराचं फार कौतुक होतं. खुर्ची, टेबल दुरुस्तीला घेऊन येणारी माणसं शेडमध्ये डोकावली की तिथेच रमायची. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो कानशीतला भुसा काढायचा. साखरेच्या डब्यात खिळे, केकच्या साच्यात वॉशर, फाटक्या पायमोज्याने पॉलिश. काय डोकं आहे, काही म्हणून वाया घालवत नाही, असं म्हणत लोक घरी जायचे आणि आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायचे. सुतार दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता, साधा आवाजही चढवत नव्हता. अशा माणसाबद्दल बायकोने तक्रार तरी काय करायची? कप नेला म्हणून? लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं. घर खाणारं माणूस आरडाओरडा करतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी वाळवी पाहिलेली नसते.

त्याचा नियम एकच होता. घरातलं काम संपलेली वस्तूच तो उचलायचा. फक्त काम संपलं की नाही, हे ठरवायचा तोच.

सासूबाईंची काठी त्याने अशीच नेली होती. त्यांना साधा ताप आला होता, दोन दिवस पडून होत्या. काठी कोपऱ्यात उभी. सरळ, जुन्या, मुरलेल्या लाकडाची. त्याने ती कापून लाकडी हातोड्याला दांडा केला. ताप उतरल्यावर सासूबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, “सूनबाई, काठी दे गं. जरा अंगणात जाऊन येते.”

“आणते हं आई,” असं म्हणून ती शेडमध्ये गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. त्याने नंतर नवी काठी करून दिली, अगदी गुळगुळीत. पण सासूबाईंचे पाय त्या काठीला ओळखेनात. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे वाकवून बघितले आणि दोष काही नाही म्हणाले. मग त्याने त्यांची वाटी नेली, सरसाच्या ब्रशला पाण्यात बुडवून ठेवायला. तेव्हा मात्र ती भांडून वाटी परत घेऊन आली. राखेने घासली, उकळत्या पाण्यातून काढली, तिच्यात पेज दिली. सासूबाईंनी एकदा वास घेतला आणि तोंड फिरवलं. ते शेवटपर्यंत भिंतीकडेच राहिलं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, सुटल्या. वाटी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये होती. नेलेलं परत आणून उपयोग नसतो, एवढं मात्र त्या वाटीने तिला शिकवलं.

त्यानंतर कुत्र्याची साखळी गेली. फळ्या आवळून धरायचे शिकंजे टांगायला. कुत्रं दारात उंबऱ्यावर बसून असायचं, ते एका सकाळी उठून चालायला लागलं. तिने हाका मारल्या. त्याने मान वळवून अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि वळणावर दिसेनासं झालं.

आता शेडमध्ये जात होतं ते सगळं तिचं. आधी कंगवा गेला. फळीवर सरस एकसारखा पसरायला कंगव्यासारखं दुसरं काही नाही, असं तो म्हणाला. ती नवा घेऊन आली, पण विंचरायला बसली की केस मूठ-मूठ हातात यायचे. लाटणं गेलं, ते लाकडावर पातळ पापुद्रा दाबून बसवायला. त्या दिवसापासून तिच्या उजव्या मनगटात जीव राहिला नाही. कणकेचा गोळा दाबायचा तरी डावा हात वर ठेवावा लागायचा. आणि कधीकधी सकाळी उठल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत काळे डाग दिसायचे. तव्याचे असतील म्हणून ती साबणाने धुऊन टाकायची.

रविवारी नणंद आली. मोठ्या आवाजाची, मनाने मोकळी बाई. दारातूनच ओरडली, “वहिनी, अगं काय हे! केस कुठे गेले तुझे? दादाने ब्रश केले की काय?”

“बसा वन्सं. चहा टाकते.”

दोघा भावंडांना चहा दिला तो काचेच्या पेल्यातून. नणंदेने पेला वर धरला. “कप?”

“शेडमध्ये.”

“ह्या दादाची खोड जायची नाही. लहानपणापासून हेच. बाबांचा दाढीचा ब्रश पळवला होता ह्याने, आठवतंय का रे? लाकडी घोड्याच्या कोरीवकामातला भुसा झाडायला.” ती हसत सुटली. “बाबा तोंडाला साबण लावायला आरशासमोर उभे, आणि ब्रश गायब! काय चिडलेले. मग त्यांनी दाढी केलीच नाही. त्याच आठवड्यात तर...”

तिने पेला ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच राहिला.

“काय झालं होतं त्यांना?” सुताराच्या बायकोने विचारलं.

“काही नाही झालं होतं,” नणंद हळू म्हणाली. “चांगले हिंडते-फिरते होते.”

सुतार बिस्कीट चहात बुडवत होता. ते न मोडता बाहेर काढलं, खाल्लं, बोटं पुसली. कानामागची पेन्सिल सारखी केली. नणंदेला ती शांतता सोसवेना. आपल्यासारख्या माणसांना शांतता कधी सोसवत नाही, आपण तीत एखादा विनोद टाकून मोकळे होतो.

“दादा, आता घरात उरलंय काय! वहिनीलाच ने. पॉलिश मारून उभी कर शेडमध्ये.”

तो हसला नाही. त्याने बायकोकडे बघितलं. डोक्यापासून सुरुवात करून सावकाश खाली पायापर्यंत, आणि मग पुन्हा वर. वखारीत लांब फळी निवडताना तो असाच बघायचा.

नणंद निघाली तेव्हा तिने वहिनीचा हात धरून दाबला. एरवी फाटकापर्यंत बोलत जाणारी बाई, मागे वळूनही न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सुतार आतल्या खोलीत गेला. ती मागोमाग गेली. तो पलंगाशी उभा राहून तिची उशी दाबून बघत होता. एकदा मधोमध, एकदा कडेला.

“ती माझी आहे.”

“हो गं. गुडघे दुखतात फरशीवर. टेकवायला अशीच मऊ पाहिजे.”

“तुमची घ्या ना. दोन आहेत.”

“माझी वापरात आहे,” तो म्हणाला. आवाजात ना राग, ना खोडी. समजूत काढावी तसा. “आता दार बसवायला जायचंय. संध्याकाळी नेतो.”

फाटक वाजलं तशी ती उठली. शेडमध्ये ती वाटी परत आणल्यापासून गेली नव्हती. आत ओल्या लाकडाचा आणि सरसाचा वास होता. समोरच्या भिंतीवर प्लायचा मोठा फळा ठोकलेला, त्यावर एकेक अवजार खिळ्याला लटकलेलं. प्रत्येकाभोवती पेन्सिलीने त्याची आकृती काढलेली. अवजार जागेवर नसलं की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. आधी जागा, मग अवजार, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा. आधी आकृती काढायची, खिळा ठोकायचा, मगच वस्तू टांगायची.

कंगवा होता. दातांत वाळलेल्या सरसाबरोबर तिचा एक लांब केस अडकलेला. लाटणं होतं. सासूबाईंच्या काठीचा दांडा होता, त्याला तिने बोट लावलं तर तो कोमट लागला, नुकताच कुणी हातातून ठेवावा तसा. कप बाकावर होता, तळाशी सरस दगड होऊन बसलेला आणि त्यात कालवायची काडी सरळ उभी.

मग तिने फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे आकृत्या होत्या, वस्तू नव्हत्या. दोन गोल आणि मधे छोटा पूल. तिने नाकावरच्या चष्म्याला हात लावला. एक चपलेची जोडी. टाचेशी आत झिजलेली, तिच्या चालण्यामुळे झिजते तशी. कोपरे गोल असलेला एक मोठा आयत. प्रत्येकीवर नवा खिळा ठोकलेला.

शेवटची आकृती तिला चटकन कळली नाही. पाच बोटं. करंगळी बाहेर वाकलेली. लहानपणी दाराच्या फटीत चेमटल्यापासून तिची करंगळी तशी होती. तिने डावा हात उचलून फळ्यावर ठेवला. बोटांच्या बेचक्यांतून रेघ जराही बाहेर आली नाही.

ती ओरडली नाही. कुणासाठी ओरडायचं? तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. त्याने आणलेलं परत घरात नेऊन भागत नव्हतं, हे तिला माहीत होतं. नेलेली वस्तू कुणाची राहत नाही. पण ह्या शेडमध्ये अशाही वस्तू होत्या, ज्या कधीच घरातून आलेल्या नव्हत्या.

फळ्याच्या मधोमध रंधा होता. त्याच्या बापाचा. मूठ सुताराच्या तळव्याने इतकी झिजवलेली, की दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसायचीच नाही. तिने तो दोन्ही हातांनी खिळ्यावरून उतरवला. पेराने टिचकी मारून आवाज ऐकला.

“ह्याचं इकडचं काम झालं,” ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का, हे कळायला तिला क्षणभर लागलं.

स्वयंपाकघरात तिने कपड्याच्या साबणाची वडी ओट्यावर ठेवली आणि रंधा तिच्यावरून पुढे ढकलला. साबणाचा पातळ, पांढरा काप वळून बाहेर आला. मग दुसरा. कपडे भिजवायला असा कीस फार छान, लगेच विरघळतो. वडी निम्मी होईपर्यंत ती रंधा चालवत राहिली. मग थांबली आणि उजवं मनगट उजेडात फिरवून बघितलं. दुखत नव्हतं.

सुतार आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तो नेहमीसारखा शेडमध्ये गेला. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग तो मागच्या दारात उभा राहिला.

“रंधा पाहिलास का गं माझा?”

“हा काय.”

त्याने ओट्यावर बघितलं. साबणाच्या कापांचा ढीग, आणि रंधा. चिडेल असं तिला वाटलं होतं. तो पुढे आला, रंधा उचलला आणि पातं स्वतःच्या पोटाकडे येईल असा धरला. थबकला. फिरवून धरला. मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, अंगठा कुठे ठेवावा ते शोधलं. कपाळावर घाम आला.

“हे,” तो म्हणाला, “हे कसं धरतात गं?”

“आता काय करायचंय धरून? द्या इकडे. बसा.”

तो बसला. तिने पेल्यात चहा गाळला, एक घोट घेतला. गोड होता. जास्तच गोड. कित्येक दिवस ती अंदाजानेच साखर घालत होती. पेला तिने त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. त्याने मान जराशी कलती करून घेऊ दिली.

ओट्यावरची भिंत मोकळी होती. रंधा भिंतीला टेकवून तिने कडेकडेने पेन्सिल फिरवली. रेघ सरळ आली. रंधा बाजूला ठेवल्यावर आकृती छान दिसली, आणि शेजारी अजून बरीच जागा होती.

“चहा निवतोय,” तो म्हणाला. पण पेल्याकडे त्याचा हात गेला नाही. तो मांडीवर पडून होता, उताणा, विसरल्यासारखा.

तिने तो मनगटाशी धरून उचलला. उजेडात फिरवून दोन्हीकडून बघितला. मग बोटाच्या पेराने त्यावर हलकेच टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.