मोकळं पाणी

समुद्राची उंची मोजायला सरकार माणूस नेमतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्या बंदरावर तो माणूस मी होतो. धक्क्याच्या टोकाला आकडे रंगवलेला एक लाकडी खांब होता. दिवसातून चार वेळा जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. छत्तीस वर्षांत समुद्राने एकदाही रजा घेतली नाही. मी घेतल्या. त्या दिवसांचे आकडे मी मनाने लिहिले, आणि मनाने लिहिलेली भरती खऱ्या भरतीपेक्षा वक्तशीर असायची. एका वर्षी साहेबांनी नेमकी तीच पानं इतरांना नमुना म्हणून दाखवली.

तर माझ्या जिभेला हाड नाही, हे बंदरावर सगळ्यांना माहीत होतं. पण ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, भावोजींची आहे, आणि भावोजी खोटं बोलत नसत. जन्मात एकदा बोलले, तेही माझं.

भावोजींची एक होडी होती. बाप, आजा, सगळे मासेमारीतलेच. बोलणं इतकं कमी, की त्यांच्या तोंडून वाक्य पूर्ण झालं तर ताई हातातलं काम टाकून बघायची. बंदरापासून दोन तासांवर, दोन खडकांच्या मधे, अठरा वाव, म्हणजे शंभरेक फूट खोल असा पाण्याचा एक तुकडा आहे. सगळे मासेमार त्याला ‘मोकळं’ म्हणायचे. भावोजींच्या आज्याच्या आधीपासून तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, असं ठरलेलं होतं. मासे तिथे अंडी घालायला जातात, आणि बाकीच्या समुद्रात जे मिळतं ते तिथूनच येतं, एवढं सगळ्यांना कळत होतं. तिथे ना पाटी होती ना पहारा. होडी वळवून बाजूने काढायची, बस्स. लहान पोराला पोहण्याआधी हे शिकवलं जायचं.

मग सरकारने ठरवलं की देशाला सागरी धोरण हवं. तोपर्यंत आमच्या देशाकडे नुसता समुद्रच होता.

राजधानीहून एक मॅडम आल्या. तिशीच्या असतील. होडीत बसल्या की ओकायच्या, तोंड पुसायच्या आणि पुढचा प्रश्न विचारायच्या. कामाला चोख. त्यांच्याकडे चौकोन आखलेला समुद्राचा नकाशा होता, आणि प्रत्येक चौकोनाचा एक छापील फॉर्म. जहाजांच्या वाटेला निळा रंग द्यायचा, आरमाराला लाल, वायूच्या विहिरींना पिवळा, मासेमारीला हिरवा आणि बंदरांतला गाळ नेऊन टाकायच्या जागेला राखाडी. फॉर्म भरायला म्हणून मला त्यांच्या दिमतीला दिलं, कारण मी सगळ्यांना ओळखत होतो आणि माझं अक्षर बरं होतं.

भावोजींच्या दारापुढच्या बाकावर आम्ही बसलो होतो. ताईने चहा दिलेला. मी मॅडमना एका देवमाशाची हकिकत सांगत होतो. त्याला सर्दी झाली होती आणि त्याच्या एका शिंकेने आमच्या बंदराची घंटा आपोआप वाजली, अशी. मॅडम हसून लाल झाल्या होत्या. आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या, आणि मला तर ऐकणारं माणूस मिळालं की जेवणसुद्धा नको असतं. मधेच त्यांनी भानावर येऊन विचारलं की सत्तेचाळीस नंबरच्या चौकोनाचा सध्याचा वापर काय. भावोजी म्हणाले, मोकळं. मग अजून काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मी हात केला. म्हटलं, लिहिलं, लिहिलं. फॉर्मात सुवाच्य अक्षरात ‘मोकळे’ असं लिहिलं, भावोजींची सही घेतली आणि शिंकेकडे वळलो.

या गोष्टीत माझा वाटा एवढाच. पण पुरेसा आहे.

चौदा महिन्यांनी धोरण छापून आलं. बंदराच्या कचेरीत नकाशा लागला. सत्तेचाळीस नंबर राखाडी होता. नव्या मोठ्या जहाजांसाठी बंदराचा तळ खोल करायचा होता, तो सगळा गाळ तिथे टाकायचा. खुलाशाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वापरात नसलेले मोकळे क्षेत्र’. भावोजी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कारकुनाला विचारलं, गाळ म्हणजे किती. कारकून म्हणाला, रोज आठ बार्ज भरून, दोन वर्षं. भावोजी बाहेर आले आणि उन्हातच उभे राहिले. मला म्हणाले, “तू लिहिलंस ना?”

मी हो म्हणालो. ते होडीकडे चालू लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हरकती घ्यायला तीस दिवस होते. मी मॅडमना फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता सगळं सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी समजावलं. हात न लावायच्या पाण्यालाही एक रंग आहे, पांढरा. पण त्यासाठी तज्ज्ञांना तीन वर्षं अभ्यास करावा लागतो, आणि बार्ज चार महिन्यांत येणार. राखाडी खोडायचा तर एकच रस्ता. ती जागा वापरात आहे हे दाखवायचं. तिथे मी मासे मारतो, असं कुणीतरी सुनावणीत उभं राहून सांगायचं. आणि आधीच्या फॉर्मवर ज्याची सही आहे त्यानेच सांगितलं, तर ते टिकेल.

ताईच्या घरी पोचेपर्यंत माझं खोटं तयार झालं होतं. भावोजींनी सांगायचं की मी अकरा वर्षं तिथे लपूनछपून जाळी टाकतोय आणि फॉर्म भरताना ते लपवलं. कुठे फट नाही, कुठे शिवण दिसत नाही. इतकं बेतशीर खोटं मी आधी कधी रचलं नव्हतं आणि मला, लाज वाटते सांगायला, थोडा अभिमानही वाटत होता.

ताई जाळं विणत होती. तिने सुई खाली ठेवली. म्हणाली, “आम्ही तुझं काय घोडं मारलंय रे?”

तिचं चूक नव्हतं. मोकळ्यात जाळं टाकलं हे चार लोकांत कबूल करणं म्हणजे काय, ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. वीस वर्षांपूर्वी एकाने टाकलं होतं. त्याच्याशी कुणी भांडलं नाही, फक्त बोलणं थांबवलं. दुसऱ्या वर्षी तो बायकापोरांसह शहरात बर्फाच्या कारखान्यात लागला.

भावोजी तीन दिवस समुद्रावर गेले आणि आले. चौथ्या दिवशी माझ्या खांबापाशी येऊन म्हणाले, शिकव.

इतका ढ विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. ‘मी जाळी टाकतो’ म्हण म्हटलं, की ते ‘जाळी टाकली जातात’ म्हणायचे. मी दरडावायचो, की जाळी स्वतःहून उड्या मारतात का. दोन आठवडे घासल्यावर ते वाक्य त्यांच्या तोंडात बसलं, कवळी बसते तसं.

सुनावणी जकातीच्या गोदामात होती. टेबलामागे तीन साहेब, एका कडेला मॅडम, समोरच्या बाकांवर सगळं बंदर. भावोजी उभे राहिले.

“सत्तेचाळीस नंबरात मी जाळी टाकतो,” ते म्हणाले. “अकरा वर्षं. कुणी नसताना.”

मधल्या साहेबांनी विचारलं, मग फॉर्ममध्ये मोकळं का सांगितलंत. याचं उत्तर आम्ही घोटलेलं होतं, लांबलचक. भावोजी ते विसरले. खाली बघत म्हणाले, “लाज वाटते.”

त्या दिवशी बोललेली तेवढीच गोष्ट खरी होती, आणि तिच्यामुळेच बाकीचं सगळं खरं वाटलं. मागे बाक सरकल्याचे आवाज झाले. मी वळून पाहिलं तर माणसं उठून चालली होती. भावोजींचे सख्खे चुलतभाऊ सगळ्यांत आधी.

त्यानंतर होडी ओढायला कुणी येईना. वाळूवर होडी चढवायला आठ माणसं लागतात. आम्ही चौघं असायचो. भावोजी, ताई, माझा भाचा आणि मी, त्यातला मी हिशेबात धरू नये असा. बर्फवाला भावोजींना सगळ्यांत शेवटी बर्फ द्यायचा, उरला तर. भाचा बत्तीस वर्षांचा, बापासारखाच सरळ आणि बापापेक्षा तापट. तो होडी ओढायला यायचा, पण बापाशी शब्द नाही. बापाने चोरी केली हे त्याला चार लोकांत कळलं होतं. एकदा मला राहवेना, त्याला बाजूला घेऊन सांगायलाच निघालो होतो. भावोजींनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “हा आत्ता कचेरीत जाऊन ओरडेल. तुझ्या पोटात काही राहत नाही, एवढं ठेव.”

ठेवलं.

अडीच महिन्यांनी निकाल आला. सरकारच्या मानाने ही घाईच. मी कागद घेऊन या वयात पळत गेलो. राखाडी रद्द झाला होता. ताई तोंडाला पदर लावून रडली. भावोजी ओळीखाली बोट धरून वाचत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“हिरवा म्हणजे?” त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, फक्त पळताना ते डोक्यात आलं नव्हतं. वापर सिद्ध झाला म्हणून वापराचा रंग मिळाला होता. सत्तेचाळीस नंबर मासेमारी क्षेत्र, सर्व परवानाधारक होड्यांना खुलं. मी म्हटलं, आपलं कोण जातंय तिथे. भावोजींनी कागदाची घडी केली, जशी आली होती तशीच.

आधी बाहेरचे ट्रॉलर आले. चार दिवस आमची माणसं धक्क्यावर उभी राहून बघत होती. पाचव्या दिवशी पहिली होडी गेली. त्यांना तरी काय म्हणणार. परके ओरबाडून नेताहेत तर आपण का मागे राहायचं, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, घरचाच माणूस अकरा वर्षं खात होता, तेव्हा कुठे गेलं होतं मोकळं.

आठव्या दिवशी सकाळी भाच्याने होडीत जाळं भरलं आणि बापासमोर येऊन उभा राहिला. सुनावणीनंतर पहिल्यांदा त्याने बापाला हाक मारली.

“बाबा, कुठल्या बाजूला टाकायचात?”

गाळाचे बार्ज अजून बंदरातच नांगरून होते, दुसरी जागा मिळायची वाट बघत. टाकलं नाही म्हणावं तर राखाडी परत. सांगावं तर काय सांगणार, त्या पाण्याखाली काय आहे ते भावोजींनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“उत्तरेला,” मी म्हटलं. “अगदी खडकाला घासून. तुझे बाबाच मला सांगायचे.” मुद्दाम अशी जागा सांगितली की जाळं फाटेल आणि पोरगा चरफडत रिकामा येईल.

दुपारी होडी आली. काठ पाण्याला टेकलेला. भाचा लांबूनच ओरडला, मामा, नेमकं सांगितलंत. होडी वर घ्यायला माणसं धावली, दहा-बारा. ताई सुरी घेऊन बसली. पहिला मासा चिरला, अंड्यांनी भरलेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पाचव्यानंतर तिने सुरी पुसली आणि ती घरात निघून गेली.

भावोजींच्या चुलतभावाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, “काय रे, अकरा वर्षं एकट्याने खाल्लंस?” सगळे हसले. हसण्यात राग नव्हता, झालं गेलं विसरून गेल्यासारखे हसले.

भावोजींनी मान हलवली, हो म्हणून.